शेतकामात होणारे कंडरांचे विकार : ते कसे उद्भवतात व कसे वाढतात

सुगीच्या दिवसांत मनगट भरून येणे, अंगठ्याच्या मुळाशी कळ येणे, कोपराच्या बाहेरच्या अंगास हात लावू न देणे, सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाचेमागची शीर ताठून पाऊल नीट न पडणे, या तक्रारी खेड्यापाड्यांतून सर्वत्र ऐकू येतात. त्यांस कोणी ‘शीर चढली’ म्हणतो, कोणी ‘नस आखडली’ म्हणतो, तर कोणी वाताचा दोष मानून स्वस्थ बसतो. दुखणे जिवावरचे नसल्यामुळे त्याकडे लक्ष दिले जात नाही. आणि लक्ष जाते तेव्हा त्याने घर करून कित्येक महिने लोटलेले असतात. ज्याची रोजची भाकरी हाताच्या पकडीवर अवलंबून आहे त्याची पकडच ढिली झाली तर ते नुकसान एखाद्या हंगामापुरते राहत नाही. म्हणून हे विकार मुळात कशामुळे होतात व कोणत्या क्रमाने वाढतात हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या बोलीत शीर किंवा नस हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो : रक्त वाहून नेणारी नळी, संवेदना नेणारा मज्जातंतू, आणि स्नायूला हाडाशी जोडणारा पांढरा चिवट दोर. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो हा तिसरा, म्हणजे कंडरा होय. स्नायू आखडतो, कंडरा ओढली जाते आणि हाड हलते, एवढीच हालचालीची रचना आहे. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरून उजव्या हाताची बोटे उघडमीट करून पाहावी. हालचाल बोटांत दिसते, पण ओढ कोपराखाली जाणवते. बोटांत स्नायू नाहीतच. ती वरच्या स्नायूंच्या लांब दोऱ्यांनी हलविली जातात, आणि या साऱ्या दोऱ्या मनगटातील अरुंद बोगद्यांतून जातात. टाचेच्या मागे हातास लागणारी जाड घोडशीर ही शरीरातील सर्वांत बळकट कंडरा. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ओढ पडते.

कंडरेची घडण व तिची मर्यादा

ज्यांनी विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे त्यांना मोटेचा नाडा आठवत असेल. अनेक तंतूंचा पीळ, अशा पिळांची लड व अशा लडींचा दोर, अशी त्याची घडण असे. कंडरेचीही घडण तशीच आहे. तिचे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असून ते ओढीच्या दिशेने एकमेकांस समांतर, पण किंचित नागमोडी असतात. थोडी ओढ पडली की ही नागमोड सरळ होते व ओढ सुटताच पूर्ववत होते. कंडरा आपल्या लांबीच्या शेकडा ४ पर्यंत ताणली गेली तर सामान्यतः तिला इजा होत नाही. त्यापलीकडे बारीक तंतू जागोजागी उसवू लागतात. आणि ताण शेकडा ८ ते १० च्या पुढे गेल्यास सबंध दोर तुटण्याचा संभव असतो.

नाडा व कंडरा यांत एक मोठा भेद आहे. नाडा उसवला की उसवला. कंडरा जिवंत असल्यामुळे स्वतःची डागडुजी स्वतः करते. परंतु हे काम ती अतिशय सावकाश करते. तिच्यात रक्तवाहिन्या थोड्या असतात व प्राणवायूचा खप स्नायूच्या मानाने सुमारे साडेसात पटींनी कमी असतो. कमी खप असल्यामुळेच ती दीर्घकाळ ओढ सहन करू शकते, आणि त्याचमुळे ती बरी होण्यास वेळ लावते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली याचा एक विलक्षण पुरावा मांडला. १९५५ ते १९६३ या काळातील अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कर्बाचे प्रमाण वाढले होते, व त्या वर्षांत वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात ते उतरले. त्याची मोजणी करता असे आढळले की, घोडशिरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास बनून तयार होतो व त्यानंतर त्यात जवळजवळ काहीच नवे भरले जात नाही. म्हणजे पोरवयात जो गाभा तयार झाला तोच म्हातारपणापर्यंत वापरावयाचा असतो.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेळेची आहे. जड कामानंतर कंडरेत नव्या कोलॅजनाची उत्पत्ती वाढते, परंतु जुन्याची मोडतोडही वाढते. पहिल्या २४ ते ३६ तासांत मोडतोड अधिक व भर कमी असते. त्यानंतर भर अधिक होऊ लागते व हा लाभ सुमारे ७२ तासांपर्यंत मिळत राहतो. हा काळ मिळाला तर काम करणारी कंडरा पूर्वीपेक्षा बळकट होते. तो मिळण्यापूर्वीच दुसऱ्या दिवशी तितकेच किंवा त्याहून जड काम पडले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तर खात्यावर जमेपेक्षा खर्च वाढत जातो. विकाराचे मूळ कारण हेच. एखाद्या दिवशीचा एखादा झटका हे क्वचितच कारण असते.

कोणताही जाणता शेतकरी महिना-दोन महिने दावणीला उभ्या असलेल्या बैलाला एकाएकी दिवसभर नांगराला जुंपीत नाही. पहिल्या दिवशी तो हलके औत देतो, उन्हे चढण्यापूर्वी सोडतो, व आठवडाभरात बैल ‘कामाला लागला’ की मग पुरे काम घेतो. बैलाच्या बाबतीत पाळला जाणारा हा शहाणपणा माणसाच्या बाबतीत मात्र कोणी पाळीत नाही. चार महिने विळा हातात न धरलेला माणूस कापणीच्या पहिल्याच दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबतो. मिनिटास वीस वेळा कोयता चालतो असे धरले तर पाच तासांत सहा हजार वेळा मनगट, कोपर व खांदा यांच्या त्याच कंडरा त्याच जागी ओढल्या जातात. स्नायू दमले म्हणजे माणसास लगेच कळते. कंडरा दमली हे कित्येक दिवस कळतच नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

विकार कसा वाढतो

पूर्वी अशा सर्व दुखण्यांना कंडरेचा दाह समजून दाहाचे उपचार केले जात. १९७० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता जुन्या दुखण्यांत दाहाच्या पेशी फारशा आढळल्या नाहीत. आढळली ती झीज. तंतू विस्कटलेले व मधली जागा बुळबुळीत द्रव्याने भरलेली. अलीकडे दाहाचाही काही वाटा असावा असे मानले जाते, पण मुख्य दोष झिजेचा आहे याबद्दल आता दुमत राहिलेले नाही. ऑस्ट्रेलियातील जिल कुक व क्रेग पर्डम यांनी २००९ साली या झिजेच्या तीन पायऱ्या मांडल्या, आणि गावपातळीवर काम करणाऱ्यास त्या फार उपयोगी आहेत.

पहिल्या पायरीत अचानक वाढलेल्या कामामुळे कंडरेतील पेशी जाग्या होतात, ती पाणी धरते व जाड होते. तंतू अद्याप शाबूत असतात. काम सुरू करताना दुखते, अंग तापले की दुखणे विसरते, व दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताठरपणा जाणवतो. ‘काम केले की मोकळे होते’ असे म्हणून माणूस अधिकच काम करतो. वस्तुतः याच पायरीवर आठ-पंधरा दिवस भार कमी केल्यास कंडरा पूर्ववत होते. दुसऱ्या पायरीत डागडुजी फसू लागते : नवे तंतू निघतात, पण आडवेतिडवे, त्यांच्याबरोबर नव्या बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू आत शिरतात. आता काम करताना व नंतरही दुखते, आणि हाताखाली जाड गाठ लागू शकते. येथूनही माघार घेता येते, परंतु त्यास महिने लागतात. तिसऱ्या पायरीत काही भागांतील पेशी मरतात व तो भाग पुन्हा सुधारत नाही. भोवतालचा शाबूत भाग बळकट करून काम चालविणे एवढेच हाती राहते. अशी कंडरा एखाद्या दिवशी खड्ड्यात पाय पडला किंवा पोते उचलले एवढ्या निमित्ताने तुटते. लोक खड्ड्याला दोष देतात. पण ती वर्षानुवर्षे आतून कुजत आलेली असते.

मनगट, अंगठा व कोपर

अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला हाडाचा जो उंचवटा लागतो त्यावरून अंगठ्याच्या दोन कंडरा एकाच अरुंद म्यानातून जातात. पिळणे, उपटणे, चिमटीत धरून तोडणे या कामांत त्या सतत मागेपुढे घासतात. येथे दोष मुख्यतः म्यानाचा असतो. ते जाड होऊन आतल्या दोऱ्या आवळते. स्विस शल्यवैद्य फ्रिट्झ द केर्व्हॅं यांनी १८९५ साली या विकाराचे वर्णन केले व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पारख सोपी आहे. अंगठा मुठीत घेऊन मनगट हलकेच करंगळीच्या बाजूस वाकवावे. त्या उंचवट्यावर तीव्र कळ आली तर हा विकार असण्याचा बळकट संशय घ्यावा. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत स्त्रियांना तो विशेष होतो. तान्हे मूल वारंवार उचलताना अंगठा ताणला जातो. त्यातच खुरपणी, भाताची लावणी किंवा गोठ्यातील धार काढणे यांची भर पडली म्हणजे म्यानास विसावा तो मिळत नाही. घरातील कामांची वाटणी करणाऱ्या वडील मंडळींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

धार काढण्याची रीतही येथे महत्त्वाची आहे. अंगठा मुडपून त्याच्या पेराने सड दाबण्याची सवय पुष्कळांना असते. या रीतीने सडास इजा होते हे पशुवैद्य नेहमी सांगतात; अंगठ्याच्या कंडरांवरही तिचा फाजील भार पडतो. पुऱ्या मुठीने धार काढल्यास भार चारी बोटांवर वाटला जातो.

बोट मिटल्यावर उघडताना मध्येच अडकणे व खटका बसून सुटणे हा याच जातीचा दुसरा विकार. तळहातात बोटाच्या मुळाशी असलेल्या कड्यात कंडरेची गाठ अडकते. अवजाराचा कठीण दांडा नेमका त्या जागी रुतत असेल तर दांड्यास कापड किंवा रबर गुंडाळावे.

कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे शहरात ‘टेनिस एल्बो’ म्हणून प्रसिद्ध असले तरी ते कोयता, कुदळ व कुऱ्हाड चालविणाऱ्याचेच अधिक आहे. मूठ आवळली की मनगट पुढे पडू नये म्हणून त्यास मागून धरून ठेवणारे स्नायू कामास लागतात. त्यांची कंडरा कोपराच्या बाहेरील हाडास चिकटलेली असते. म्हणजे पकड जितकी घट्ट तितका कोपरावर भार अधिक. बोथट विळ्याला जोर जास्त लागतो. गुळगुळीत, घामाने निसटणारा किंवा मुठीत न मावणारा दांडा उगाच आवळून धरावा लागतो. दर दोन-तीन तासांनी विळ्यास धार लावण्यात गेलेला वेळ वाया जात नाही तो याकरिता. वजनाने हलका दातेरी ‘वैभव’ विळा वापरणाऱ्यांस वारंवार धार लावण्याचीही गरज पडत नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा तासन्‌तास एकाच हाताने मारल्यास खांद्याच्या कंडरांची हीच गत होते. शक्य असेल तेथे हातपालट करावी.

कामाखेरीज इतर कारणे

सारखेच काम करणाऱ्या दोघांपैकी एकासच दुखणे का होते, याचे उत्तर पुष्कळदा शरीराच्या इतर स्थितीत असते. वाढते वय, मधुमेह, रक्तातील वाढलेला कोलेस्टेरॉल, संधिवाताचे काही प्रकार व तंबाखूचे धूम्रपान यांनी कंडरेची डागडुजी मंदावते. मधुमेहात साखर कोलॅजनास चिकटून तंतू ताठर बनतात. दोन्ही खांदे आखडलेला किंवा अनेक बोटे अडकणारा माणूस भेटल्यास त्याची रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी. एका औषधाचीही माहिती हवी. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या वर्गातील जंतुनाशकांमुळे क्वचित घोडशीर सुजते किंवा तुटते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००८ साली त्यांवर ठळक इशारा छापावयास लावला. साठीपुढील माणसांस व स्टेरॉइड घेणाऱ्यांस हा धोका अधिक असतो. अशी गोळी चालू असता टाचेमागे दुखू लागले तर जड काम थांबवून डॉक्टरांस त्वरित सांगावे. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून या गोळ्या परस्पर आणू नयेत.

उपचारासंबंधी

दुखऱ्या जागी डाग देणे किंवा बिब्बा घालणे अद्याप पुष्कळ गावी चालते. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, त्या आगीपुढे आतले दुखणे काही दिवस जाणवत नाही, आणि गुण आला असे वाटते. कंडरेस त्याचा लेशमात्र उपयोग नाही. मधुमेह असल्यास ती जखम चिघळून हात गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो. जोराने चोळून ‘शीर बसविणे’ हेही सुजलेल्या कंडरेस घातकच. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही.

सुईने स्टेरॉइड टोचून घेण्याबाबत तारतम्य हवे. अंगठ्याच्या म्यानात किंवा अडकणाऱ्या बोटात जाणत्या डॉक्टराने दिलेल्या सुईचा चांगला उपयोग होतो, कारण तेथे दोष आवरणाचा आहे. कोपराच्या दुखण्यात मात्र सहा आठवडे छान वाटते, आणि वर्षाअखेर सुई न घेतलेले लोकच अधिक बरे असतात, असे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांतून दिसून आले आहे. हंगाम उरकण्यासाठी सुईवर सुई घेणे हा सौदा तोट्याचा होय.

तसेच हात महिनाभर गळ्यात बांधून ठेवणेही योग्य नव्हे. ओढ अजिबात नसेल तर कंडरा आणखी दुबळी होते. तिला हवी असते ती बेताची व हळूहळू वाढविलेली ओढ. स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ साली घोडशिरेच्या जुन्या दुखण्यासाठी एक साधा व्यायाम सांगितला, तो आजही उपयोगी ठरतो. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावे, दोन्ही पायांनी टाचा उचलाव्या, व मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच पायरीच्या खाली सावकाश उतरवावी. असे १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. गुडघा सरळ ठेवून व किंचित वाकवून, दोन्ही प्रकारे. कोपरासाठी हात मांडीवर तळवा खाली करून ठेवावा, मुठीत पाण्याचा तांब्या धरावा, दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर घ्यावे व मदत सोडून सावकाश खाली सोडावे. सुरुवातीस तांब्या रिकामा घ्यावा. व्यायामात थोडे दुखले तर चालेल. माप दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे धरावे. सकाळचा ताठरपणा आदल्या दिवसाहून वाढला तर भार जास्त झाला, तसाच राहिला किंवा कमी झाला तर तेवढाच पुढे चालवावा. हेच माप शेतकामासही लागू आहे.

हे सर्व स्वतःच्या शेतात राबणाऱ्यास करता येईल. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगारांची गोष्ट वेगळी आहे. तेथे नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. आधी घेतलेली उचल टनांत फेडावयाची असते, आणि तोडणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे व ती डोक्यावरून गाडीत चढविणे ही कामे पहिल्या दिवसापासून पूर्ण जोराने करावी लागतात. अशा माणसास ‘विश्रांती घ्या’ म्हणून सांगणे ही थट्टाच होय. त्यांच्या बाबतीत करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या कराव्या : निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे गावीच रोज वाढत्या प्रमाणात कोयत्याचे काम करणे, कोयत्याच्या दांड्याची जाडी ज्याच्या त्याच्या मुठीप्रमाणे बसविणे, तोडणारा व मोळी बांधणारा यांनी दिवसात अदलाबदल करणे. या फेरबदलास मुकादमाचा खर्च काहीच नाही.

ताबडतोब दवाखाना गाठावयाचे प्रसंग

वर सांगितलेले विकार सावकाश वाढतात. दोन बाबतींत मात्र विलंब करून चालत नाही.

विळ्याने किंवा कोयत्याने बोट, तळहात अथवा मनगट कापले असता केवळ जखमेची लांबी पाहू नये. रक्त दाबून थांबविल्यावर जखमीस प्रत्येक बोट, त्याच्या शेवटच्या पेरासह, वाकविण्यास व सरळ करण्यास सांगावे. लहानशा जखमेखाली कंडरा तुटलेली असू शकते. तशी ती असल्यास ते पेर हलत नाही. वरची कातडी शिवून जखम भरते, पण तुटलेले टोक आत मागे सरकून बसते. कंडरा काही दिवसांच्या आत जोडली तर बोट पुष्कळसे वाचते. दोन-तीन आठवडे गेल्यावर टोके साधेपणी जुळविणे कठीण होते. पेर हलत नसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताची लस व मलमपट्टी करून रुग्णास शल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावे.

दुसरा प्रसंग काट्याचा. बाभळीचा काटा बोटाच्या तळव्याकडील बाजूस खोल रुतून जंतू कंडरेच्या म्यानात शिरले तर एक-दोन दिवसांत सबंध बोट सारखे फुगते, माणूस ते अर्धवट वाकवून धरतो, तळव्याच्या बाजूने दाबल्यास मुळापर्यंत दुखते, आणि कोणी ते जरासे सरळ केले तर तो किंचाळतो. म्यानात साठलेल्या पुवाच्या दाबाने कंडरा काही तासांत मरू लागते. अशा बोटावर पोटीस बांधून वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णास रुग्णालयात न्यावे, व काटा कधी रुतला तो दिवस आणि वेळ तेथील डॉक्टरांस सांगावी.